साडेअठराचा दिरहम

गेल्या महिन्यात, मेहरूणच्या आमच्या घरी, दुपारची जेवणं आटोपल्यावर पुतणीने मोबाईलवर एक आलेख उघडला. दुबईच्या एका दिरहमला कोणत्या वर्षी किती रुपये मिळत होते, त्याचा. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तिकडची एसी दुरुस्तीची नोकरी सोडून कायमचा परत आला होता. सोबत आणलेले दिरहम कधी बदलावेत, एवढंच तिला बघायचं होतं. ती रेघ मागे मागे सरकवत गेली. ती कुठे थांबणार हे मला आधीच कळलं.

"पप्पा, या वर्षी बघा. मे महिन्यात पंधरा आणि ऑगस्टच्या शेवटी साडेअठरा! डोंगरच उभा राहिलाय."

"आबांच्या उजव्या डोळ्याचं वर्ष ते," धाकटा म्हणाला. "मी तीन हजार दिरहम पाठवले होते. भाऊ, तुला काय भाव मिळाला रे तेव्हा?"

"आता कुठे आठवतंय," मी म्हणालो.

मला पैशापर्यंत आठवत होतं.

आबा, आमचे वडील, तिथेच खुर्चीत बसले होते. काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा तेव्हाच गेला. आता डाव्यातला दाब वाढला होता. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले होते, याच आठवड्यात ऑपरेशन करून घ्या. धाकटा ऐकत नव्हता. "त्या माणसाने तारखा देत देत एक डोळा घालवला, दुसरा त्याच्या हाती देणार नाही." त्याने मुंबईत विचारलं होतं. तिथली तारीख दीड महिन्यानंतरची होती.

तारखा देत देत, हे त्याला मी सांगितलं होतं.

खरं असं होतं. त्या वर्षी मे महिन्यात, पारोळ्याच्या एका सोबत्याने धाकट्याकडून दिरहमच्या नोटा आणल्या. डॉक्टरांनी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. मी पैसे बदलायच्या दुकानात गेलो. भाव पंधराच्या आत होता, पण दुकानदार म्हणाला, रुपया पडतोय. मी नोटा तशाच घेऊन घरी आलो.

आम्ही कापूसवाले. दिवाळीला वेचलेला कापूस खोलीत भरायचा, अंगाला खाज सुटली तरी बसून राहायचं आणि भाव आला की गाडी बोलवायची, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. त्या नोटाही मी कपाटात कापसासारख्याच भरून ठेवल्या. रोज पेपरात भाव बघायचो. सोळा झाला, सतरा झाला. आबा म्हणायचे, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय. मी म्हणायचो, थेंब टाका, डॉक्टरांनी पुढची तारीख दिलीय. साडेअठरा झाला तेव्हा हात शिवशिवले, पण बाजारात सगळे वीस म्हणत होते. मग भाव उतरू लागला. तो पुन्हा चढेल म्हणून मी आणखी महिनाभर थांबलो. शेवटी सोळा रुपये नव्वद पैशांनी दिले. तोवर डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डोळ्याची नस सुकली, म्हणाले.

एवढ्या थांबण्याने मला सहा हजार रुपये जास्त मिळाले. ते मी घेतले नाहीत, आबांच्याच औषधांना लावले. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगून झोपत होतो.

"परवा मुंबईचा डॉक्टर पक्का करतो," धाकटा म्हणाला.

"धुळ्यालाच ने," मी म्हणालो. आवाज माझा वाटला नाही. "त्या डॉक्टरांनी एकही तारीख पुढे ढकलली नव्हती. मी ढकलली. भाव यायची वाट बघत होतो."

पुतणीने मोबाईल पालथा ठेवला. बोलले ते आबा.

"मंग काय भाव भेटना?"

"सोळा नव्वद, आबा."

"आनि साडेअठरा व्हता तवय काबर नई दिधा?"

हसावं की रडावं, कळेना. त्यांनी चिडून विचारलं नव्हतं. कापसाची गाडी विकून आलेल्या मुलाला विचारावं, तसं विचारलं होतं.

"वीस होईल वाटलं."

"हां," आबा म्हणाले. मग म्हणाले, "माले वाटे, डॉक्टरच वाईट शे."

धाकटा उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पाकीट होतं. "हे आत्ताच्या आत्ता बदलून आणायचे. उद्या सकाळी धुळ्याला निघायचं." मी हात पुढे केला. त्याने पाकीट दिलं नाही. "मीही येतो," म्हणाला.

मोटरसायकलवर तो मागे बसला होता. दुकान येईपर्यंत पाकीट त्याच्याच खिशात होतं. दुकानदाराने नोटा मोजल्या आणि सवयीने म्हणाला, "घाई नसेल तर दोन दिवस थांबा, चढतोय."

"आजच द्या," मी म्हणालो.

तरी माझी नजर काउंटरमागच्या भावाच्या फळ्यावर गेलीच. वळलो तर धाकटा फळ्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.