नानाची मोटार आणि तिचं दावं

पिंपळनेरहून धुळ्याला येणारी सर्व्हिस मोटार आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. दोनदा वाजला की समजायचं, नानानं काहीतरी धाडलंय... भुईमुगाच्या शेंगा, लोण्याचा डबा, नाहीतर लेकीसाठी निरोप. नानाची लेक इंदू शिकायला आमच्याकडे असते. त्या दिवशी मोटार थांबली, पण हॉर्न वाजला नाही. ड्रायव्हर स्वतःच टोपी हातात घेऊन दारात आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, नाना गया." सकाळी मोट चालू असताना नाना विहिरीच्या थारोळ्यापाशी टेकला आणि मग उठलाच नाही. आत इंदू गणितं सोडवत बसली होती. तिला मी कसं सांगितलं ते लिहीत नाही, मला ते जमणार नाही. पंचवीस वर्षं मुलांना शुद्धलेखन घालणाऱ्या माणसाला त्या दिवशी एक वाक्य नीट जुळवता आलं नाही.

त्याला दीड महिना झाला. परवा जुन्या ओळखीचे एक वकील भेटले आणि म्हणाले, "तुमचा तो मोटारवाला नाना गेला म्हणे." मला राग आला. नाना जमीन कसणारा माणूस, त्याला मोटारवाला काय म्हणायचं? पण घरी येईपर्यंत राग उतरला, कारण खरंच साक्री-पिंपळनेरच्या बाजूला पंचवीस गावांत त्याला त्याच नावानं ओळखत. आणि ती मोटार घ्यायला त्याच्याबरोबर मीच गेलो होतो. तेव्हा ती हकीकत मीच लिहिलेली बरी.

नाना आणि मी एका गावचे, पांझरेच्या काठचे. मी शिकून धुळ्याला मास्तर झालो, तो शेतीत राहिला. लग्नानंतर वहिनींचं पहिलं मूल घरीच गेलं. दुसऱ्या वेळी कळा उलट्या लागल्या म्हणून त्यानं दमणी जुंपली आणि वहिनींना घेऊन धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाला. बैल चांगले होते, पण बैल ते बैलच. निम्मी वाटही सरली नव्हती आणि दमणीतच सगळं आटोपलं, हेही मूल हाती लागलं नाही. परतल्यावर त्यानं ती दमणी मोडली. तट्ट्या, साट्या चुलीत गेल्या, लोखंडी आस तेवढा गोठ्यात पडून राहिला. पुढं काही वर्षांनी वहिनींना पुन्हा दिवस राहिले, तेव्हा एका रविवारी तो माझ्याकडे आला आणि पाणी पिण्याआधीच म्हणाला, "मास्तर, माले मोटार लेवानी शे. पयनारी पाह्यजे आनि वाटमा बसनारी नको."

पळणारी हवी, वाटेत बसणारी नको, आणि खिशात कापसाच्या एका हंगामात उरलेली पुंजी. नवी मोटार त्यात स्वप्नातही आली नसती. मी म्हणालो, अरे, सर्व्हिस मोटार आहे की. तो म्हणाला, ती सकाळी एकदा जाते, आणि पोरं काय सर्व्हिसचा टाइम बघून जन्माला येतात? सर्व्हिसच्या ड्रायव्हरला महिनाभर तंबाखू चारून तो मोटार हाकायला आधीच शिकून बसला होता, हे मला नंतर कळलं. माझी निवड एवढ्यासाठीच झाली की मला इंग्रजी येत होतं. मोटारीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि वेगाची तर मला मनापासून भीती वाटते. अजूनही वाटते.

पहिली मोटार आम्ही जळगावला पाहिली, एका जिनवाल्या शेठची. काय सांगू तिची ऐट... आरशासारखी चकचकीत, गाद्यांना नवं कातडं. मी तर भाळलोच. नाना तिच्याभोवती एक चक्कर मारून आला, मडगार्डाच्या कडेला नख लावून पाहिलं, आणि मग गाडी सोडून ती जिथं रोज उभी राहायची ती जमीन बघत बसला. तेलानं काळीभोर झाली होती. शेठना नमस्कार करून आम्ही बाहेर पडलो तेव्हा म्हणाला, "बठ्ठा रंगज शे, मास्तर. शिंगं रंगाडेल बैल लेतस का आपन?" बाजारात म्हातारा बैल खपवायचा तर व्यापारी शिंगं घासून रंगवतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मोटारीलाही शिंगं असतात हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरी भुसावळला, एका गोऱ्या साहेबाची. साहेब कायमचा विलायतेला निघाला होता. गाडी उघडी, दोघांपुरती, मागे डिकीच्या उघड्या बाकावर आणखी दोघं कशीबशी बसतील अशी. नाक लांबलचक, तांबडा रंग उडून विटेसारखा झालेला. साहेब म्हणाला, जोरात पळवायचा शौक म्हणून घेतली होती, सरळ रस्त्यावर सत्तर मैलांनी जाते. ऐकून मी गाडीपासून दोन पावलं मागं सरलो. नानानं मात्र आधी नाकाडावर तळहात ठेवला. गरम होतं. आम्ही येणार म्हणून साहेबानं आधीच चालू करून ठेवली होती. नाना शांतपणे बंगल्याच्या पायरीवर जाऊन बसला. मी विचारलं, आता काय? म्हणाला, बैल उभा असताना बघायचा नसतो, बसलेला उठतो कसा ते बघायचं असतं. थंड होऊ दे. मी हे साहेबाला इंग्रजीत सांगितलं, बैल वगळून. साहेब आधी भुवया चढवून बघत राहिला, मग त्याला गंमत वाटली असावी, कारण त्यानं आम्हाला चहा दिला. गाडी पुरती निवल्यावर नानानं ती पुन्हा पुन्हा चालू करायला लावली, बटणावर आणि हँडल मारूनही. मग वाघूरच्या पात्रात नेऊन रेतीत घातली, मला आणि साहेबाच्या लठ्ठ खानसाम्याला मागं बसवून. चाकं रुतली, गुरगुरली आणि निघाली. शेवटी खानसाम्याला बाजूला घेऊन त्यानं विचारलं, साहेब हिला हाणतो का? खानसामा म्हणाला, "अपने हाथ से पोंछता है, बीवी से ज्यादा सँभालता है." नाना हसला, आणि सौदा होणार हे मला कळलं.

भाव ठरवताना नानानं उपरण्याचा सोगा पुढं केला आणि त्याखाली हात घातला. बैलबाजारात भाव असाच होतो, कापडाखाली बोटं दाबून, बघ्यांना कळू न देता. आजूबाजूला बघायला चिमणी नव्हती, पण रीत ती रीत. मी साहेबाला समजावलं तेव्हा त्यानंही मोठ्या उत्साहानं हात आत घातला. काय बोटं दाबली गेली ते त्या दोघांना ठाऊक, मला आजतागायत माहीत नाही. दोघंही खूश दिसले.

आणि इथं नानानं ती चूक केली, जी जगाच्या पाठीवर फक्त आमच्याच मुलखातला माणूस करू जाणे. साहेबानं गाडीचं सामान दिलं आणि वर ते चालू करायचं लोखंडी हँडल नानाच्या हातात ठेवलं. नानानं ते दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि परत साहेबाच्या हातात दिलं. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. ज्या दोरानं ते बांधलं तो दोर विकणाऱ्याच्या घरी राहतो, म्हणजे त्या घरची लक्ष्मी जनावरामागं निघून जात नाही. आणि घेणाराही भला असेल तर मागत नाही, आपलं दावं आपण घेऊन जातो. मी कळवळून म्हणालो, अरे नाना, हा दोर नव्हे, याच्याशिवाय गाडी अडेल. नाना म्हणाला, "बटन शे ना? दावं घरमाज र्‍हास, मास्तर. त्या मानूसले दूर देश जानं शे, त्यानी लक्ष्मी आपन कशी लेवानी?" मी साहेबाला कसंबसं समजावलं. त्यानं हँडल काखेत धरलं आणि नानाचा हात हातात घेतला, या वेळी उपरण्याशिवाय.

नशिराबादला आम्ही चहाला थांबलो. परत येऊन नानानं बटण दाबलं तर गाडीनं नुसती उचकी दिली आणि गप्प. सकाळपासून आम्हीच तिला इतकं छळलं होतं, ती तरी काय करणार! गाव गोळा झालं. तेव्हा नानानं सीटखालून काय काढलं असेल? नवं कोरं दावं. बैल आणायला जाताना नेतात तसं ते त्यानं खरोखरीच घरून बरोबर आणलं होतं. ते पुढच्या आसाला बांधलं, त्याला एका शेतकऱ्याच्या मोटेचा जाड नाडा जोडला आणि पुढं त्याचेच दोन बैल जुंपले. वीस पावलांवर गाडीनं अशी काही डरकाळी फोडली की बैल चौखूर उधळले. दावं तुटलं, बैल रानात, धनी त्यांच्या मागं आम्हाला आईबहिणीवरून आठवत, आणि नाना मात्र स्टिअरिंगच्या चाकाला चिकटून हसतोय... हसता हसता डोळ्यांतून पाणी. मी त्याला इतकं हसताना त्याआधी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

धुळं येईपर्यंत त्यानं गाडी बंद केली नाही. मी त्याला विनवलं, साहेब जाण्याआधी हँडल परत मागून आणू, वहिनींचे दिवस भरत आलेत, ऐन वेळी ही बसली तर? ठेवलेलं दावं परत मागत नाहीत, एवढंच तो म्हणाला. गावी पोचल्यावर त्यानं गोठ्यातला तो आस काढला, त्या मोडलेल्या दमणीचा, आणि लोहाराकडून त्याचं हँडल घडवून घेतलं. लोहार भात्याशी असताना मी तिथं होतो. लोखंड लाल झालं, वाकलं, पाण्यात चरचरलं, आणि नाना ते फडक्यात धरून म्हणाला, "आते हाई मनं दावं." वहिनी पाठीमागं उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

पुढचं सांगायला फारसं उरत नाही, जे घडायला हवं होतं तेच घडलं. उन्हाळ्याच्या सुटीत मी गावी होतो. भर दुपारी वहिनींना कळा लागल्या, पुन्हा उलट्याच. बटणानं आपला धर्म सोडला नाही, ते गप्पच राहिलं. नानानं हँडल लावलं. त्या क्षणी त्याच्या हाताची शीर न शीर मला दिसत होती. एकच झटका, आणि गाडी उठली. मागच्या डिकीत मी आणि नानाची आई. म्हातारी सारखी ओरडत होती, "धीरे चालाड रे, धीरे चालाड." आणि पुढून वहिनी दात आवळून म्हणत होत्या, "जोरमा चालाडा." नानानं बायकोचं ऐकलं. मी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळं वाटेचं वर्णन करू शकत नाही. उघडले तेव्हा धुळ्याच्या दवाखान्याचं फाटक समोर होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर दोघींपैकी एकीलाही वाचवता आलं नसतं. ती दुसरी म्हणजे आमची इंदू.

नंतर त्या गाडीनं किती जणांना धुळं दाखवलं त्याचा हिशेब नानानं ठेवला नाही, मीही ठेवत नाही. कोणाला साप डसून पान लागलं, कोणाची बाळंतीण अडली, की नाना पागोटं गुंडाळून निघालाच. गाडी तो नेहमी उतारावर उभी करायचा, नशिराबाद तो कधी विसरला नाही. लढाईत पेट्रोल कुपनांवर मिळायला लागलं आणि गाडी शेणाच्या पाट्यांना आडोसा देत उभी राहिली. ते त्याला बघवेना. रावेरच्या एका केळीवाल्या पाटलांना त्यानं ती दिली, सगळं सामान दिलं, हँडल दिलं नाही. पाटील शेतकरी माणूस, त्यांनी मागितलंही नाही.

नानाच्या तेराव्याला हेच पाटील रावेरहून त्याच गाडीनं आले. निघताना गाडी चालू होईना. बटण तर मुकंच, आणि त्यांनी नवं करवून घेतलेलं हँडल दात झिजून निसटायला लागलेलं. चार माणसं ढकलायला पुढं झाली, पण अंगण सपाट. तेवढ्यात इंदू गोठ्यात गेली. खुंटीवर बैलांच्या दोरांबरोबर टांगलेलं हँडल घेऊन आली, कोणालाही न विचारता गाडीपुढं वाकली आणि झटका दिला. गाडी उठली. वहिनी दारात होत्या. त्यांचं लक्ष गाडीकडं नव्हतं, पोरीच्या हाताकडं होतं.

पाटलांचे डोळे भरून आले. म्हणाले, "पोरी, एक मागू? हे मला देशील? नानाची आठवण म्हणून. जपून ठेवीन."

मला वाटलं, देईल. चौदा वर्षांची पोर, बाप गेलेला, एवढा मोठा माणूस मागतोय. इंदूनं हँडलाची धूळ परकराच्या घोळानं पुसली, सावकाश, दोन्ही बाजूंनी, आणि म्हणाली, "नही, काका. दावं घरमाज र्‍हास."

गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत आम्ही तिचा आवाज ऐकत उभे राहिलो. इंदू मात्र थांबली नाही. ती गोठ्यात गेली, आणि खुंटीला लोखंड लागल्याचा आवाज आला... नाना गाडी लावून घरी आला की यायचा तसाच.