खटारा परत आला होता

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, देवासमोरही नाही. एका माणसाला ते माहीत आहे, माझ्या बहिणीला, पण तिच्यासमोरही मी कबूल केलेलं नाही — उलट तिलाच खोटं पाडलं. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आणि आधीच सांगून ठेवते, समजूत घालायला पुढे येऊ नका. मला समजूत घालणाऱ्यांचा राग येतो. तसा मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो.

गोष्ट एका टीव्हीच्या मालिकेची आहे. आलं ना हसू? मलाही येतं — एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस इतकं करतो का? करतो. मी केलं.

आमचं गाव भीमपूरच्या बाजूचं, पैनगंगेच्या काठावर. नदी ओलांडली की महाराष्ट्र, अलीकडे तेव्हाचा आंध्र. आमच्या अंगणात टीव्हीचा अँटेना उंच लोखंडी पाइपावर होता. पाइप खड्ड्यात दगड ठोकून उभा केलेला, हातानं फिरवता यायचा. तोंड आदिलाबादकडे केलं की संध्याकाळचे कार्यक्रम तेलुगूत. नदीपलीकडच्या टॉवरकडे केलं की मराठीत. एकानं अंगणात पाइपाला मिठी मारायची आणि आतून बाकीच्यांनी ओरडायचं — आलं, आलं, गेलं, मागं घ्या! गावात दुसरा टीव्ही सरपंचाकडे होता, पण त्यांचा पाइप बुटका. तिथे नदीपलीकडचं काही दिसायचं नाही, नुसत्या मुंग्या.

म्हणून ‘खटारा’ बघायला अख्खी आळी आमच्याकडे यायची.

‘खटारा’ म्हणजे एक मोडकं अंतराळयान. कप्तान ढोले नावाचा जाडा माणूस ते चालवायचा. दर भागात नव्या ग्रहावर जायचं, दर भागात यान बंद पडायचं, आणि शेवटी सगळ्यांनी खाली उतरून ते ढकलायचं. कप्तान ओरडायचा, “धक्का मारा!” आणि यान फटफट करत उडायचं. एवढंच. पण बाया रडेपर्यंत हसायच्या. ज्यांनी आदिलाबादपलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं त्या शनीच्या कड्यांवर वाद घालायच्या.

या सगळ्यांची म्होरकी होती शांता. माझी धाकटी जाऊ.

शांताबद्दल काय सांगू? कामाला वाईट नव्हती. पण कापूस वेचताना तिचं तोंड हातांपेक्षा जास्त चालायचं. ओटीत कापूस भरला की पोट पुढे काढून कप्तान ढोलेसारखी चालायची. बैलगाडी चिखलात रुतली की, “धक्का मारा!” गडीमाणसं हसायची, बाया हसायच्या, माझे सासरे — जे माझ्याशी फक्त हिशेबापुरतं बोलत — तेही हसायचे. शेत मी बघत होते. बियाणं, फवारणी, मजूर, गाडी, गिरणी सगळं मी. माझ्यामुळे घर चालत होतं आणि तिच्यामुळे घर हसत होतं. लोकांना कोण आवडतं ते तुम्हीच बघा.

आता मूळ गोष्ट सांगते. टाळत होते.

त्या यानात एक कोठार सांभाळणारी बाई होती. खडूस, कपाळावर कायम आठी. सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला. कोणाला श्वासासाठी हवा लागली तरी ती म्हणायची, आधी रिकामी टाकी जमा करा. एका संध्याकाळी भरल्या घरात शांता म्हणाली, “अव्वो, ह्या तं आपल्या अक्काच!”

अक्का म्हणजे मी.

हसणं थांबेना. दुसऱ्या दिवशी शेतात पाणी प्यायला बसलेल्या बायांतून मला ऐकू आलं, “उठा बाप्पा, हवाबाई येऊन राह्यली.” मग ते नावच पडलं. हवाबाई. माझ्या माघारी सगळे तेच म्हणायचे आणि माघारी म्हणजे किती माघारी? चार ओळी पलीकडे. मी माझी ओळ वेचत राहिले. बोलणाऱ्यातली नव्हेच मी.

मालिकेच्या शेवटच्या भागात यान एका काळ्या भोवऱ्याच्या काठावर अडकलं. कप्तान कमरेला दोरी बांधून बाहेर गेला, एकटा, धक्का मारायला. दोरी सुटली. तो लांब जात राहिला, हात हलवत — आणि चित्र तिथेच थांबलं. खाली अक्षरं आली, ‘क्रमशः’. पुढच्या आठवड्यात त्या वेळेला शेतीच्या सल्ल्याचा कार्यक्रम लागला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही.

दोन हंगाम गेले तरी शांता काही आशा सोडेना. “क्रमशः म्हंजे येणारच, अक्का. लेखी देल्लं हाये त्याइनं!” मुंबईच्या टीव्ही केंद्राला पोस्टकार्डं गेली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे अंगठे. उत्तर आलं नाही. वेचणीला बाया कप्तानाला सोडवण्याच्या युक्त्या काढत. कोणी म्हणे शेपटीवाला तारा त्याला घेऊन येईल, कोणी म्हणे पॅराशूट. शांता म्हणे, “ना. घरातलंच कोनी वढीन त्याले. पाहून घ्या.” दर आठवड्याला त्या वेळी ती पाइप नदीकडे वळवायची, टीव्ही लावायची, खताचा सल्ला दिसला की बंद करायची. दर आठवड्याला. चीड यायची मला. इतकी मोठी बाई, दोन लेकरांची आई — काय बघत होती ती त्या खतांच्या गोण्यांत?

त्याच वर्षी माझ्या धाकट्या दिराला मंचेरियलला कोळशाच्या खाणीत नोकरी लागली. दिवाळी झाली की शांता लेकरं घेऊन तिकडे जाणार होती. तिकडे मराठी टॉवर नव्हता. जे बघायचं ते तिला दिवाळीच्या आत आणि इथेच बघायला मिळणार होतं.

दसऱ्याच्या आधी मी नदीपलीकडे बहिणीकडे गेले. वत्सलाताई माझी थोरली बहीण. संध्याकाळी तिनं टीव्ही लावला. फटफट आवाज आला. ओळखीचा.

खटारा परत आला होता.

मी पूर्ण भाग बघितला. कप्तान अजून तरंगतोय. सगळे रडतायत. आणि ती कोठारवाली, ती आठीवाली, कमरेच्या किल्ल्या काढून ठेवते, स्वतःची हवेची टाकी पाठीवर घेते आणि भोवऱ्यात उडी मारते. कप्तानाच्या पायाला धरून त्याला मागे ओढते. आणि वर म्हणते, “रिकामी टाकी जमा करा.” मी हसले. पोट धरून हसले. ताई बघतच राहिली. म्हणाली, “कुसुम, तुले हसता येते हे मी इसरूनच गेलती.”

होडीतून परत येताना मी ठरवलं होतं की घरात पाऊल ठेवताच सांगायचं. खरं सांगते, ठरवलं होतं. मग अंगणात आले. शांता पाइपाला धरून उभी होती. मला बघून तिनं मागे वळून बायांना काहीतरी म्हटलं आणि त्या हसल्या. काय म्हटलं? मला माहीत नाही. कदाचित माझ्याबद्दल नसेलही. पण त्या क्षणी मला कळलं की माझ्याकडे एक गोष्ट आहे जी शांताकडे नाही. ती देणं न देणं माझ्या हातात आहे. काय सांगू तुम्हाला — बरं वाटलं. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मी सांगितलं, “ताईकडे चौकशी केली. खटारा कायमचा बंद झाला. कप्तानाचं काम करणारा माणूसच सोडून गेला म्हणे.”

कोणी शंका घेतली नाही. का घेतील? मी कधी वाढवून बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. अक्का म्हणते म्हणजे असेल. माझ्या खरेपणाचा मला एवढा उपयोग आयुष्यात दुसरीकडे कुठे झाला नाही.

पण शांताचा हात पुन्हा पाइपाकडे गेला असता. ती वेडी होती, शेवटचं म्हणून एकदा बघितलंच असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी गवंडी बोलावला. पाइप आदिलाबादकडे करून बुडाशी सिमेंट घालून घेतलं. वाऱ्यानं फिरतो, कोणाच्या डोक्यावर पडेल, असं कारण सांगितलं. खोटं नव्हतं ते, फिरायचाच तो. सासऱ्यांनी पहिल्यांदा माझं चारचौघांत कौतुक केलं. म्हणाले, घरात अक्कल फक्त थोरलीला आहे.

पुढे आमच्या वेचणीतली एक बाई नदीपलीकडून माहेरहून आली आणि म्हणाली, खटारा चालू झाला म्हणून राह्यले लोक. शांता हातातला कापूस टाकून उभी राहिली. माझ्याकडे बघायला लागली. बायांकडे नाही, त्या बाईकडे नाही — माझ्याकडे.

मी ओळीतून मान वर न करता म्हणाले, “जुनेच भाग परत दाखवून राह्यले.”

ती पुन्हा वाकली. त्या दिवशी तिनं कोणाला हसवलं नाही. दिवाळी झाली, पेट्या भरल्या, बसमध्ये बसली. जाताना माझ्या पाया पडली.

हे एवढंच असतं तर कदाचित मी लिहिलं नसतं. द्वेष होता, दिवाळीपर्यंत टिकला, ती गेली, मालिका संपली. पण काही वर्षांनी आमच्या नणंदेच्या मुलीचं लग्न आमच्या अंगणात होतं. मंचेरियलहून शांता आली, नदीपलीकडून वत्सलाताई. बाया तांदूळ निवडत त्याच पाइपाखाली बसल्या होत्या. लेकरांनी हट्ट धरला आणि शांतानं पोट पुढे काढून कप्तान ढोले केला. शेवटचा भाग, दोरी सुटलेली, हात हलवत लांब जाणं. सगळे हसले.

ताई म्हणाली, “मंग सुटला कसा, ते बी कर ना.”

“सुटला कुठं, वत्सलाबाई? तितंच तं बंद पाडला मेल्याइनं.”

“अव्वो, सुटला की! त्या कोठारवालीनं नाई का वढला त्याले? आमच्या कुसुमनं माह्याच घरी बसून पायला. हसू हसू लोळत होती.”

सुपं थांबली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शांतानंही. तिच्या चेहऱ्यावर काय होतं? संशय नव्हता. इतक्या वर्षांनी आशा होती — पुन्हा तीच, मूर्खासारखी, खतांच्या गोण्यांत बघणारी. एक शब्द पुरला असता. ‘हो’ म्हणायला काय लागतं? ती नाराज झाली असती, दोन दिवस बोलली नसती, मग नक्कल करून दाखव म्हणाली असती.

मी म्हणाले, “ताई, तू दुसरंच काही पायलं असशीन. मी नाई पायलं.”

ताईनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग सूप घेऊन आत गेली. तेव्हापासून ती माझ्याकडे लग्नकार्याला येते, राहायला येत नाही.

आणि शांता? शांता टाळी देऊन हसली. “पाह्यलं? आमच्या अक्का खोटं नाई बोलत!” मग भांडी घासताना माझ्याजवळ सरकून म्हणाली, “पन तसंच झालं असतं तं किती चांगलं होतं न, अक्का? हवाबाईनंच वाचवलं असतं तं? मी नाई म्हनत होती, घरातलंच कोनी वढीन म्हून? मले सगळ्यात तेच बाई आवडत जाय. काऊन, तुमाले राग तं नव्हता आला त्या नावाचा?”

मी म्हणाले, “नाही. राख दे इकडे.”

तो पाइप अजून उभा आहे. अँटेना कधीच काढला, आता त्याला कपडे वाळवायची तार बांधली आहे. मध्यंतरी मुलानं तो उपटायचा प्रयत्न केला. हलला नाही. म्हणाला, आई, काय पक्कं काम करून घेतलं होतंस.

पक्कं होणारच. सिमेंट नुसतं घालून भागत नाही, त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. ते पाणी शांतानं मारलं होतं. जायच्या आधीचे ते दिवस विहिरीवरून घागरी भरून आणत होती आणि बुडाशी ओतत होती. मी ओसरीवर सावलीत उभी होते. ती थांबली की मी म्हणत होते, अजून ओत.