पाण्याच्या दिवशी आलेलं स्थळ

माझ्या पोरीला अमेरिकेतल्या अमिश लोकांच्या प्रेमकथांचं खूळ लागलं होतं. घरात वीज नाही, दारात घोडागाडी. दोन शेजारी कुंपणावरून भांडतात, त्यांच्या पोरापोरींचं जुळतं, मग कुणीतरी सफरचंदाचं गोडधोड करून पलीकडं नेऊन देतं आणि भांडण खलास. ती वाचून दाखवायची, मी मेथी निवडत नाक मुरडायची. म्हटलं, वीजच नाही म्हणून मिटतं बाई यांचं. यांना म्हणावं आमच्या पुंडलिकनगरात या. आठवड्यानं येणाऱ्या नळाला शेजाऱ्यानं मोटार लावली की भांडण काय असतं ते कळेल.

आमच्या शेजाऱ्यानं लावली होती ना. त्यांची मोटार घरघरली की आमचा नळ नुसता फुसफुसायचा. मग आम्हीही लावली. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. आणि आमच्या पोरीनं जीव कुणावर टाकावा? त्यांच्याच पोरावर. लग्न करीन तर त्याच्याशीच म्हणाली. मी म्हटलं, पुस्तकं वाचून डोकं फिरलंय हिचं.

एका पाण्याच्या दिवशी मी मोटार चालू केली, तोच फाटक वाजलं. शेजारी नवरा-बायको, ठेवणीतले कपडे, हातात नारळ आणि पेढ्याचा पुडा. पाण्याच्या दिवशी! या शहरात त्या दिवशी माणूस मयतीलासुद्धा टाकी भरून निघतो. मी डाव ओळखला. मला इथं बोलण्यात अडकवायचं आणि तिकडं पोरानं सगळं पाणी ओढायचं. मी बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. आधी मोटार काढा, मग पोरगी मागा, असं दारातच सुनावलं. बाईनं नारळ पदराखाली घेतला आणि दोघं निघून गेली. आत पोरगी हुंदके देत होती.

मी तणतणत गच्चीवर गेले. आमची टाकी भरून वाहत होती. एवढ्या लवकर ती कधी भरत नाही. पलीकडं डोकावले. त्यांची मोटार बंद, टाकी तळाला गेलेली. पोरगा इस्त्रीच्या शर्टात ओट्यावर मान खाली घालून बसलेला. आठवड्याचं पाणी आमच्या नळाला सोडून ही माणसं पेढे घेऊन आली होती! का, तर त्या दिवशी आम्ही हमखास घरी सापडतो. लई बावळट लोक. असला राग आला मला. आता आठवडाभर काय पेढे पिणार होते?

पोरीला हाक मारली. डोळे पूस आणि पाइप धर, म्हटलं. आमच्या मोटारीचा पाइप भिंतीवरून त्यांच्या टाकीत सोडला. ती बाई त्यांच्या गच्चीवर आली आणि टाकीत पडणाऱ्या पाण्याकडं बघत राहिली. मी तोंड फिरवून उभी.

"बंद करा आता, विहीणबाई," ती शेवटी म्हणाली. "भरली टाकी."

मी मोटार बंद केली.

"अन् पेढे?" मी विचारलं. "ते कशाला परत नेले?"