पालखीसाठी उघडणारी रेल्वे

मुरारी पार्ट्याच्या परसात पोलादपूर नावाचं रेल्वे स्टेशन आहे. खऱ्या रेल्वेला ते नाही. कोकण रेल्वे महाडला बाजूला ठेवून वीरला थांबते, करंजाडी-विन्हेरे करत खेडकडे निघून जाते, आणि आमच्या पोलादपूरकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून मुरारीने स्वतःच्याच फणसाखाली पाटी ठोकली. पिवळी पाटी, काळी अक्षरं, आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. ती उंची विचारायला हा माणूस दोनदा तहसील कचेरीत जाऊन आला. कारकुनाने विचारलं, कशाला हवी? हा म्हणाला, स्टेशनसाठी. कारकुनाने उठून त्याला खुर्ची दिली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारभर बातमी, की पोलादपुरात रेल्वे येतेय. ती मी पसरवली असं मुरारी अजून म्हणतो. मी फक्त माझ्या गिरणीत दळायला आलेल्या चार बायकांना सांगितलं होतं.

माझी पिठाची गिरण आणि मुरारीचं परस यांच्यात एकच दगडी गडगा आहे, तोही कमरेइतका. त्यामुळे त्याच्याकडे काय शिजतं, काय बिघडतं आणि कोण कोणावर रुसलंय, हे मला दळण घालता घालता कळतं. हा माझा दोष नाही, गडग्याचा आहे.

मुरारी बिरवाडीच्या एका वर्कशॉपात लेथवर काम करतो. सकाळी सातच्या एसटीने जातो, संध्याकाळी हातापायाला लोखंडाचा कीस लावून येतो. त्याआधी पाच वर्षं तो करंजाडीकडे रेल्वेच्या कामावर होता, ठेकेदाराच्या हाताखाली. खडी टाकली, स्लीपर वाहिले, आणि रूळ सरळ बसलाय की नाही ते जमिनीला गाल लावून बघायला शिकला. त्याला वाटत होतं, लाइन सुरू झाली की आपल्याला फाटकवाला तरी करतील. काम संपलं, ठेकेदार गेला, फाटकावर दुसराच कोणीतरी आला. पहिली गाडी गेली तेव्हा मुरारी हार घेऊन गर्दीत उभा होता. गाडी तिथे थांबायचीच नव्हती. तो हार त्याने घरी आणून मंजुळावहिनीच्या गळ्यात घातला, असं मी सगळ्यांना सांगतो. वहिनी म्हणते, म्हशीच्या घातला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्याने परसात रूळ टाकायला घेतले.

आधी सगळ्यांना वाटलं, अळवाला पाट काढतोय. मग लोखंडी पट्ट्या आल्या, खिडकीच्या गजाला लावतात तसल्या. त्या उभ्या धरून लाकडी पट्ट्यांच्या खाचेत बसवायच्या, खाली बारीक खडी. पहिली लाकडं सावरीची होती, ती वाळवीने एका पावसाळ्यात फस्त केली. दुसरी त्याने ऐनाची कापली आणि गाडीच्या जळक्या तेलात आठवडाभर बुडवून ठेवली. घराला इतका वास, की वहिनी महिनाभर माझ्या गिरणीच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडायची. इंजिन तेलाच्या डब्याचं, त्यात टेम्पोच्या वायपरची मोटर, मागच्या डब्यात स्कूटरची बॅटरी. चाकं मात्र लेथवर स्वतः काढलेली, आरशासारखी. विहिरीकडचा भराव खचला, त्याने परत भरला. पुन्हा खचला, त्याने जांभ्याचे चिरे लावून परत भरला. मी गडग्यावरून विचारायचो, "काय मुरारी, मुंबई मेल किती लेट?" तो मान वर न करता सांगायचा, "तुझ्या दळणाआधी येईल."

तीन वर्षांत रूळ फणसापासून निघून, वालाच्या वाफ्याला आणि विहिरीला वळसा घालून, जवळजवळ परत फणसापाशी आला. जवळजवळ म्हणायचं कारण, मधे दहाएक फूट जागा उरली होती, आणि ती मुरारीची असून मुरारीची नव्हती. आमच्या ग्रामदेवतेची पालखी शिमग्याला देवळातून वरच्या वाडीला जाते ती याच परसातून. कुंपणाच्या खिंडीतून आत येते, मुरारीच्या दारात नाचते, बसते, वहिनी ओटी भरते, मग वर जाते. त्याच्या पणजोबाच्या आधीपासूनची वाट आहे. त्यामुळे त्याची गाडी वाटेच्या कडेला यायची, थांबायची, आणि उलटी मागे जायची. मुरारीला ते फार लागायचं. उलटी जाते ती गाडी नव्हे, म्हणायचा. २००३ च्या शिमग्याला, मुंबईहून सगळे चाकरमानी आलेले असताना, गाडी पूर्ण फेरी मारणार असं त्याने माघातच जाहीर केलं.

आता इथे माझं तोंड थोडं सुटलं. गिरणीत कोणाला तरी मी म्हणालो, यंदा देवीला मुरारीकडे तिकीट काढावं लागणार. एवढंच. चार दिवसांत ते दत्तारामबाबा उतेकरांच्या कानावर गेलं. पालखीला पहिला खांदा त्यांच्या घरचा. तिकिटाचं वाक्य तिथवर पोचेपर्यंत मुरारीने म्हटलेलं झालं होतं.

देवळाच्या पारावर बैठक बसली. मी मागे, खांबाआड बसलो. दत्तारामबाबांनी शांतपणे सांगितलं, की पालखीच्या वाटेत आडवं काही घालायचं नाही, ही रीत आहे. शिमग्याच्या दिवशी वाटेत लोखंड दिसलं तर पहार लागेल, आणि ती मग दहा फुटांवर थांबणार नाही, विहिरीपर्यंत सगळं उखडलं जाईल. सगळ्यांनी मुरारीकडे बघितलं. तो माझं नाव घेऊ शकला असता. घेतलं नाही.

"वाट मोकळी मिळेल," तो म्हणाला. "आणि रूळ पण राहील."

"दोन्ही कसं राहील रे?"

"ते माझ्याकडं लागलं."

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. वाटेवरच्या दहा फुटांचे त्याने दोन तुकडे केले, पाच-पाच फुटांचे, आणि दोन्हीकडे खांब रोवून दाराच्या झडपांसारखे बिजागऱ्यांवर बसवले. मधे कडी. कडी काढली की रूळ खडीसकट फळीवरून दोन बाजूंना फिरणार आणि वाट मोकळी. रेल्वेचं फाटक माणसांना अडवतं. इथे रेल्वेच फाटक होऊन बाजूला व्हायची होती. दहा फूट पुरतील का, हे बघायला तो देवळात जाऊन पालखीला टेप लावून आला. गुरव म्हणाला, चालताना पाच फूट लागतील, पण तुझ्या दारात ती नाचते. तेव्हा मुरारीने आम्हा चौघा शेजाऱ्यांना सकाळी सकाळी बोलावलं, खांद्यावर रिकामी शिडी दिली आणि नाचायला लावलं. तो टेप धरून बाजूने फिरत होता. वहिनी हसून हसून जोत्यावर बसली. मी तेवढा लाजलेला आयुष्यात तीनदाच.

रोज पहाटेचा चहा झाला, की सातच्या एसटीआधी तो कडी काढून झडपा उघडायचा, लावायचा. लोण्यासारख्या फिरायच्या. शेवटच्या आठवड्यात त्याने झडपांची टोकं सोडून बाकी सगळ्या पट्ट्या वेल्डिंगने जोडून एकजीव केल्या. कुठे सांधा नाही, खडखड नाही. त्यावर हात फिरवून मला म्हणाला, बघ, सुईसुद्धा जाणार नाही.

शिमग्याच्या दिवशी गडग्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या गिरणीच्या कौलावर दोघे चढले होते. अकरा वाजता मुरारीने इंजिनाला हळदकुंकू लावलं आणि बटण दाबलं. गाडी फणसाखालून निघाली, वालातून गेली, विहिरीला वळसा घातला, झडपांवरून टकटक करत आली आणि परत पाटीखाली उभी राहिली. पूर्ण फेरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुरारीने टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही, ढोलाकडे दिलं. पालखी निघाली होती.

बारा वाजून गेले असतील. पालखी खिंडीशी आली तसा मुरारीने कडी काढली आणि झडप ओढली. झडप हलली नाही. दुसरी ओढली. तीही नाही. दोन्ही मधे एकमेकींना अशा भिडल्या होत्या, की जणू वेल्डिंग केल्या आहेत. त्याने खांदा लावला. बिजागरी कुरकुरली, बस.

पालखी मागे फिरवायची नसते आणि वाटेत खाली ठेवायची नसते. भोई जागच्या जागी झुलत राहिले. ढोल वाजतच होता. कोणीतरी पहार आणली होतीच, ती पुढे आली. दत्तारामबाबा पालखीचा खांदा दुसऱ्याला देऊन पुढे आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट.

"मुरारी, उघड, नायतर बाजूला हो."

मुरारी बाजूला झाला नाही. तो वाटेत आडवा पडला. मला वाटलं, आता हा उठायचा नाही. पण त्याने फक्त रूळ सरळ आहे का बघायला गाल टेकवला, करंजाडीला शिकला होता तसा, आणि चटका बसून उठला. गाल लाल. फाल्गुनातल्या बाराच्या उन्हात रूळ तव्यासारखा तापला होता, तापून लांब झाला होता, आणि त्याला लांब व्हायला या पठ्ठ्याने कुठे जागाच ठेवली नव्हती. पाच वर्षं खऱ्या रुळात फटी ठेवणाऱ्याने घरच्या रुळात सुईसुद्धा जाऊ दिली नव्हती, आणि दार उघडून बघितलं ते रोज पहाटेच्या गारव्यात.

"मंजुळा, पाणी," तो म्हणाला.

वहिनीच्या दारात दोन हंडे भरून होते. पालखी आली की भोयांच्या पायांवर घालायचं पाणी ते, हळदीचं.

"त्ये पायांचं हाय," वहिनी म्हणाली.

"पाय पुढं यायला तेच लागेल."

वहिनीने दत्तारामबाबांकडे बघितलं. बाबा एक पाऊल मागे सरले. तिने पदर खोचला, हंडा उचलला आणि झडपेच्या खांबापासून मागे मागे चालत रुळावर पाणी ओतत गेली. पहिला हंडा तर लोखंडाने पिऊनच टाकला. दुसरा तिने विहिरीपर्यंत नेला. मी गडगा ओलांडून रहाटाला लागलो, हे कोणी सांगत नाही म्हणून मीच सांगतो. तिसऱ्या हंड्याला मुरारीने झडप ओढली आणि ती आपसूक आल्यासारखी आली. मग दुसरी.

पालखी आत आली. वाटेवर पाण्याचा चिखल झाला होता, त्यात भोई घोट्यापर्यंत भिजले आणि तसेच नाचले. दोन्ही झडपांना एकदाही धक्का लागला नाही. शिडीचा नाच वाया गेला नाही म्हणायचा. पहार ज्याने आणली होती तो तिच्यावर रेलून नाच बघत होता. गुरव म्हणाला, पाय तर धुऊन झाले, आता ओटी भरा.

ओटी भरून झाली. पालखी उठायच्या आधी दत्तारामबाबा फणसाखाली जाऊन पाटी वाचत राहिले. उंचीसकट वाचली.

"ही हितं थांबते काय रे?"

"थांबते," मुरारी म्हणाला.

"मग दाव थांबवून."

मुरारीने झडपा लावल्या, बटण दाबलं. देवीसमोरचा एक नारळ बाबांनी मागच्या डब्यात ठेवला. गाडी जरा रखडली, मग निघाली, सगळी फेरी मारून पोलादपूरला आली आणि थांबली.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मुरारीने रुळात चार ठिकाणी नखभर फटी पाडल्या. आता भर उन्हात झडपा उघडतात. तरी पुढच्या शिमग्याला वहिनीने दोनाऐवजी तीन हंडे भरले, आणि तिसरा रुळावर ओतून होईपर्यंत पालखी खिंडीत थांबली. कोणी सांगितलं नव्हतं. गेली पाच वर्षं ती तशीच थांबते, आणि चाकरमान्यांची पोरं ही रीत पणजोबाच्या आधीपासूनची आहे असं समजतात. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. उलट गिरणीत थोडी भरच घालतो.