ऐकून घेणारा कलेक्टर

पत्रू रेडिओवाला माणसांशी बोलत नाही, मशीनशीच बोलतो, असं चांद्यात जटपुरा गेटाजवळचे लोक म्हणत. साफ खोटं! बायकोशी तो दिवसभर बोलायचा. पंचाईत एवढीच, की बायकोला ऐकू यायचं नाही.

मनकर्णाला लग्नानंतर मुदतीचा ताप आला होता. ताप उतरला, पण कान गेले. अगदी जवळ भोंगा वाजला तर काहीतरी जाणवायचं, बाकी सगळं ओठांवरून ओळखायचं. स्वतःचाही आवाज कळत नसल्यामुळे ती साधं मीठ मागायची तेसुद्धा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. लोक हसत. पत्रूच्या अंगाचा तिळपापड होई, पण ती मात्र निवांत असायची. मग १९५९ साली त्यांना पहिली मुलगी झाली, कुंता, आणि मनकर्णाचा निवांतपणा संपला.

बाळंतपणासाठी मनकर्णाची आई, सोमारीबाई, सिंदेवाहीहून आली होती. तलावात जाळं टाकून चार पोरं वाढवलेली बाई. बोलायला फटकळ, पण मनाची वाईट नव्हे. एके सकाळी ती बाजारातून परतली तर काय! मागच्या खोलीत कुंता रडून रडून काळीनिळी पडलेली, आणि पुढच्या ओसरीवर मनकर्णा पाठ करून तांदूळ निवडते आहे. सोमारीबाईने पोरीला छातीशी धरलं आणि त्याच दिवशी निकाल दिला.

"जवाईबापू, पोरीले मी सिंदेवाहीले नेतो. बोलाले लागली का आनून देईन. एखाद्या दिवशी हिच्या पाठीमागं जीव जाईन लेकराचा."

मनकर्णाने आईचे ओठ वाचले आणि ती भिंतीकडे तोंड करून पोरीला पाजायला बसली. भांडली असती तर पत्रूला सोसलं असतं. सासूचं चुकत नव्हतं, हीच तर गोची होती.

"शनिवारच्या गाडीपर्यंत थांबा, मामी," तो सासूला कसाबसा म्हणाला.

त्याच्या डोक्यात एक यंत्र होतं. बल्लारपूरच्या एका लाकडाच्या ठेकेदाराचा विलायती ट्रान्झिस्टर रेडिओ ट्रकाखाली सापडून चेपला होता, आणि तो त्याने पत्रूला देऊन टाकला होता. रेडिओ मेलेला, पण पोटातले दोन ट्रान्झिस्टर जिवंत होते. कानात घालायची इवलीशी गुंडीही शाबूत होती. लग्नात भोंग्याला लावायचा स्फटिकाचा माईक पत्रूचा स्वतःचा. एवढ्या सामानात मनकर्णाला ऐकू यायला हवं होतं.

ट्रान्झिस्टर म्हणजे हरभऱ्याएवढा, तीन पायांचा जीव. पायांची नावं एमिटर, बेस, कलेक्टर. आवाज एका पायाने आत घ्यायचा, दुसऱ्याने बाहेर काढायचा, आणि तिसरा पाय दोन्हीकडे सामाईक ठेवायचा. कोणता पाय सामाईक, त्यावर त्याचा सगळा स्वभाव ठरतो. पत्रूने आधी बेस सामाईक ठेवून पाहिला. तो माईककडून इतकं ओढून घ्यायला बघायचा, की बिचाऱ्या माईकचा दमच निघून जाई. मग एमिटर सामाईक ठेवला. हा गडी जोरकस, आवाज कितीतरी पट वाढवणारा. पण स्फटिकाचा माईक पडला लाजरा, याच्याही ओढीत तो दबून गेला. एकामागे एक दोन्ही ट्रान्झिस्टर तसेच जोडले, तरी मनकर्णाच्या कानात नुसती पोहे भाजल्यासारखी चरचर. तिने मान हलवली. राहिला तिसरा, सामाईक कलेक्टरवाला. तो माईककडून काही ओढत नाही, पण आवाजही वाढवत नाही. जेवढा आत, तेवढाच बाहेर. झाला तर थोडा कमीच.

"कलेक्टर! काय चाटाचं हाये त्याले!" पत्रू चिडून बोलला आणि डोकं धरून बसला. मनकर्णा समोरच होती. तिने ओठांवरून एकच शब्द उचलला.

चांदा जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाला पूर्वी सगळे डिप्टी कमिशनर म्हणत. जिल्हा मुंबई राज्यात गेला तेव्हापासून कलेक्टर हा नवा शब्द तोंडोतोंडी झाला होता. झालं! घटकाभराने पत्रू बाहेर येतो तर अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, सोमारीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी, आणि शेजारच्या बायाही आपापली अंगणं झाडताहेत.

"कवा येते जी साहेब?" मनकर्णाने साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं.

पत्रूने कपाळावर हात मारला. ट्रान्झिस्टर तिच्यापुढे धरून तो सावकाश, एकेक शब्द ओठांवर आणत म्हणाला, "साहेब नाई वं! ह्या पायाचं नाव हाये कलेक्टर. बिनकामाचा. वाढवून काई देत नाई, नुसतं ऐकते न् पुढं सांगते."

मनकर्णा लाजली. मग खदखदून हसली.

"नाई वाढवून देल्लं तं नाई! समदं ऐकून तं घेते ना? ऐकून घेनारा साहेब कोनाले भेटते वो?"

बाया हसल्या. पत्रू मात्र जागच्या जागी उभा राहिला. अरे, माईकचं दुखणं तरी दुसरं काय होतं? त्याचं पुरतं ऐकून घेणारंच कोणी नव्हतं. जोरकस गडी बोलायला हुशार, पण आधी माईकलाच पिळायचा. मग पुढे हा कलेक्टरवाला बसवायचा, काही न ओढता सगळं ऐकून घ्यायला; आणि त्याच्या पाठीमागे एमिटरवाला, आवाज वाढवायला. तो ओल्या सारवणावरून तसाच आत धावला.

"अवो, सारवलं हाये ना!" मनकर्णा ओरडली.

शनिवारी सकाळी सोमारीबाईचं गाठोडं दाराशी तयार होतं. पत्रूने साबणाच्या डबीत बसवलेलं यंत्र मनकर्णाच्या गळ्यात अडकवलं, गुंडी कानात घातली आणि तिला चुलीपाशी, दाराकडे पाठ करून बसवलं. सासू पोरीला घेऊन मागच्या खोलीत गेली. आता नेमकी कुंता रडेना! सासू वाट पाहते आहे, जावई घामाघूम. शेवटी भूक लागली तशी पोरीने एकदाचा सूर लावला. मनकर्णाच्या हातातला पळा खाली पडला आणि ती उठून पळत सुटली. सोमारीबाईने पोरगी तिच्या ओटीत दिली आणि गाठोडं सोडायला बसली.

मनकर्णाने कुंताला पदराखाली घेतलं. आणि एकाएकी ती ताठ झाली. डोळे मोठे झाले.

पत्रू धावत जवळ आला. "काय झालं? बंद पडलं काय?"

तिने हात वर करून त्याला थांबवलं. डबी पोरीच्या तोंडाजवळ सरकवली. मग कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच ती हळू आवाजात बोलली.

"चूप राहा ना. पिऊन राह्यली, तं घटघट वाजून राह्यलं. रडनं मले तिच्या तोंडावर दिसे वो... पन हे माहीतच नोतं. मले वाटे, लेकरं मुक्यानंच पेतेत."