बसून बघायचं चित्र

आक्का उभ्या माणसाशी बोलत नसे. पाहुणा असो की वाणी, उंबऱ्यातून आत आला की ती म्हणायची, "बसा आधी. वर बघून मान दुखती माझी." आमच्या निमोण्याच्या घरात एकच खुर्ची होती, ती तिनं कधीच शेजारी देऊन टाकली होती. त्यामुळे बसायचं ते खालीच. एकदा तलाठी भाऊसाहेब इस्त्रीची पँट सांभाळत बराच वेळ उभे राहिले. आक्का निवांत तांदूळ निवडत बसली. अखेर भाऊसाहेबांनी बैठक मारली, तेव्हा कुठं तिनं विचारलं, "हां, आता सांगा, काय काम काढलं?"

आक्का म्हणजे माझी थोरली आत्या. लहानपणी पोलिओत तिचे दोन्ही पाय गेले. माझे वडील सणसवाडीला कारखान्यात कामाला होते. त्यांनी तिथलं टाकाऊ बेअरिंग आणून एका फळीला चाकं करून दिली. त्या फळीवर बसून दोन्ही हातांनी जमीन रेटत ती अंगणभर खडखडत फिरे आणि आम्हा पोरांवर ओरडे, "सरका, यष्टी आली!"

वडील खोक्यांचे पुठ्ठेही आणत, त्यावर ती चित्रं काढायची. तिच्या चित्रांत माणसांना तोंडं नसत. भेगाळलेल्या टाचा, लुगड्यांचे काठ, खाटेची खालची बाजू असलं सगळं. आजोबांनी मेंढरं विकून शेती धरली त्याला जमाना झाला होता, पण आक्काची मेंढरं शेवटपर्यंत चालत राहिली. नुसती पोटं, पाय आणि पायांच्या मधून दिसणारं आभाळ. मी चिडवायची, "आक्का, डोकी कुठायत गं?" ती म्हणायची, "तुला दिसत्यात ना? मग तू काढ." चित्रं ती जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायची. केर काढताना आमचा जीव जायचा.

पुण्यात नव्या चित्रांचं एक संग्रहालय झालं होतं. अपंग चित्रकारांचं प्रदर्शन भरवायचं म्हणून तिथल्या एक मॅडम घरी आल्या आणि न सांगता खाली बसल्या. आक्का तिथंच विरघळली. तिनं मेंढरांचं मोठं चित्र कायमचं देऊन टाकलं. "बसल्या माणसाला दिसंल असं लावा," एवढंच सांगितलं. मला मात्र म्हणाली, "दुसऱ्याच्या भितीवर माझं चित्र कसं दिसतंय, ते एकदा बघायचंय."

प्रदर्शनाच्या दिवशी नवं लुगडं नेसून ती जीपमधून पुण्याला आली. चित्रं वरच्या मजल्यावर होती. लिफ्ट अजून बसायची होती. दोन पोरं तिला उचलायला पुढं आली.

"हात लावू नका. पोतं न्हाई मी," आक्का म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तू बघून ये."

मी जाऊन आले.

"कुठं लावलंय?"

"माझ्या डोळ्यांसमोर येतंय."

"उभ्यानं?"

"व्हय."

आक्कानं जिन्याकडं बघितलं. "बरं हाय," म्हणाली. मॅडम ओशाळून म्हणाल्या, लिफ्ट झाली की तुम्हाला न्यायला गाडी पाठवते, चित्रही भिंतीवर खाली घेऊन लावते. आक्कानं त्यांना पायरीवर बसवलं आणि चहा सांगायला लावला. परत येताना शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत आमची जीप अडकली. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी ट्रकच्या मागं लिहिलेलं वाचत बसले.

लिफ्ट व्हायच्या आत आक्का तापाचं निमित्त होऊन गेली. दहाव्याला घरदार रडलं. मी चहाचं बघत होते. आत काहीच हललं नाही, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

पुढं कधीतरी कामासाठी पुण्याला गेले, तेव्हा त्या संग्रहालयात शिरले. मॅडम नोकरी सोडून गेल्या होत्या. लिफ्ट झाली होती. मी लिफ्टनं वर गेले. चित्र होतं तिथंच होतं. त्याच्यासमोर मी फरशीवर मांडी घालून बसले आणि मान वर केली. चित्राच्या काचेवर ट्यूबलाइट चमकत होती. मेंढरं नाहीत, आभाळ नाही, नुसती पांढरी पट्टी. आक्का त्या दिवशी वर आली असती, तरी तिला एवढंच दिसलं असतं.

"मॅडम, इथं खाली बसायचं नाही," रखवालदार म्हणाला.

बरं म्हणून मी उठले. उभी राहिले तेव्हा मेंढरं दिसली.