नकलेतली थांबण्याची जागा

आज पंचाहत्तरी पूर्ण करणारे डॉ. दिगंबर साठ्ये मला प्रथम भेटले ते रंगमंचावर, आणि त्याच भेटीत मी त्यांचा अपमान केला. बारा वर्षांपूर्वी इथे उत्तरेत, इंदिरा नगरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात सर एका ज्येष्ठ नेत्यांच्या शैलीत आभार मानत होते. एक वाक्य झालं, डोळे मिटले आणि पुढचं येईना. विसरले असं समजून मी पडद्याआडून पुढचं वाक्य सांगितलं. सरांनी एक डोळा उघडला. "वहिनी, मला पाठ आहे. नेताजी अजून विचार करताहेत." सभागृह हसलं; ते नेते भाषणात असेच डोळे मिटून थांबत, हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे नक्कल म्हणजे बाकावर उभं करण्याजोगा गुन्हा, असंच मी मानत होते. दोन वर्षं मी सरांशी धड बोलले नाही.

आजच्या सत्काराच्या पत्रिकेत त्यांना 'हरहुन्नरी नकलाकार' म्हटलं आहे. ज्यांनी जानकीपुरमच्या प्रयोगशाळेत औषधांवर उभी हयात घालवली, त्यांना! हे छापणाऱ्यांना सर कळले नाहीत आणि नक्कलही कळली नाही. सरांनी नेत्यांच्या तोंडी कधी हास्यास्पद वाक्य घातलं नाही. "थट्टा करायची तर स्वतःच्या आवाजात करावी," असं ते म्हणतात.

चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना पक्षाघात झाला. हात सुधारला, पण शब्द उशिरा येऊ लागले. ह्यांचा जन्म बँकेत माणसांशी बोलण्यात गेलेला. आता शेजारी बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडत, आणि मी प्रेमापोटी ह्यांचं प्रत्येक वाक्य पुरं करून टाकी. शेवटी ह्यांनी बोलणंच सोडलं. डॉक्टर म्हणाले, बोलले नाहीत तर आहे तेही जाईल.

तेव्हा सर दर रविवारी येऊ लागले, ह्यांना ती नक्कल शिकवायला. आजारी माणसाची ही कसली चेष्टा, म्हणून मी फणकारले. सर शांतपणे म्हणाले, "वहिनी, त्या शैलीत माणूस थांबला की लोक कान टवकारतात. तुम्ही फक्त मध्ये बोलू नका."

पुढच्या जूनमधल्या एका रविवारी मलिहाबादचा आंबेवाला फाटकाशी आला. हे काठी टेकत गेले, डोळे मिटले, पंजा वर उचलला.

"भैया... कल के आम..."

पुढचा शब्द माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला.

"...खट्टे थे."

आंबेवाल्याने हात जोडले. "नेताजी, आज के चखकर देखिए. शिकायत हो तो अगली सभा में कह दीजिएगा."

कित्येक महिन्यांनी हे हसले. सरांनी टोपली पुढे केली, भाव मात्र ह्यांनाच करू दिला.

आता हे नकलेशिवाय बोलतात. सावकाश, स्वतःच्या आवाजात, आणि बरंचसं माझ्याविरुद्ध.

हा लेख मी ह्यांना वाचून दाखवला. शेवटी लिहिलेल्या लांबलचक शुभेच्छा ह्यांनी खोडायला लावल्या. "ते... मी सांगतो." मी पेन धरून बसले. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग ह्यांनी सांगितलं ते तसंच देते:

"सर, शंभरी गाठा. तब्येत सांभाळा. रविवारी... मी वाट बघतो."